बंदूकवाले झाडलेल्या गोळ्यांची मोजदाद ठेवतात का?

हो, पण परवानाधारक काडतुसांचा हिशेब ठेवतात, बंदुकीने आजवर किती बार काढले याचा नाही. नागपुरात मी नेमबाजीच्या सरावाला जातो, तिथे घरी बंदूक बाळगणारे परवानाधारक आणि स्पर्धेतले नेमबाज असे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात. परवान्यावरच लिहिलेलं असतं: एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची. दुकानदार प्रत्येक खरेदी त्यावर चढवतो. त्यामुळे काटोल-नरखेडकडचा, रानडुकरांपायी बाराबोर बाळगणारा शेतकरी शिल्लक काडतुसं बरोबर सांगेल. बंदुकीतून एकूण किती उडाली विचारलं तर हसेल. वर्षाकाठी चारदोन बार, त्यात मोजायचं काय?

स्पर्धेतले नेमबाज मात्र वही ठेवतात. १० मीटर एअर रायफलच्या एका पात्रता फेरीतच ६० शॉट असतात, शिवाय रोजचा सराव. आमच्याकडच्या पोरांच्या वहीत तारीख, छर्‍यांचा डबा, शॉट आणि गुण असे रकाने असतात. सील किंवा स्प्रिंग कधी बदलायची, नेम अचानक का फाकतोय, हे त्यावरून उमगतं. काही जण तर रिकामे डबेच मोजतात, तेही चालतं.

एक मात्र आहे: घरची वही कायद्यापुढे पुरावा म्हणून पुरेल असं धरून चालू नका. परवान्यावरच्या नोंदी आणि खरेदीच्या पावत्या जपा. रिकाम्या पुंगळ्यांचं काय करायचं ते शहरात पोलीस आयुक्तालयाच्या, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत विचारा.