मॅग्नेशियम हृदयाचा स्नायू वाचवतं, तर हार्ट अटॅकमध्ये ते सर्रास का देत नाहीत?

तुम्ही विचारलंय की बायपासच्या वेळी मॅग्नेशियम वापरतात, मग अटॅक आलेल्या प्रत्येकाला का टोचत नाहीत, आणि घरी गोळ्या घेतल्या तर उपयोग होईल का. गोळ्यांचं शेवटी सांगतो, कारण त्यांचा या विषयाशी फारसा संबंध नाही.

आधी पेशीत काय घडतं ते बघा. हृदयाच्या स्नायूचं रक्त तुटलं की एटीपी (पेशीचं इंधन) संपत जातं आणि आम्ल साचतं. पेशी ते आम्ल बाहेर टाकते, पण त्या बदल्यात सोडियम आत येतं. मग सोडियम काढायचं म्हणून कॅल्शियम आत घ्यावं लागतं. खरा घात होतो रक्त परत सुरू झाल्यावर. तेव्हा कॅल्शियमचा लोंढा शिरतो, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) फुगून फुटतात आणि स्नायू आखडून बसतो. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटा अडवतं. पण त्यासाठी ते लोंढ्याच्या आधी तिथे हजर हवं.

ऑपरेशन थिएटरमध्ये हे जमतं, कारण रक्त कधी तोडायचं हे सर्जनच ठरवतो. महाधमनीला क्लॅम्प लावला की लगेच कार्डिओप्लेजिया, म्हणजे हृदय थांबवणारं द्रावण, सोडतात. त्याचे दोन प्रकार बघा. सेंट थॉमस द्रावणात लिटरमागे 16 मिलिमोल (कणांच्या संख्येवरचं माप) मॅग्नेशियम असतं आणि पोटॅशियमही 16. डेल निडो द्रावणाची कृती अशी: 1 लिटर प्लाझ्मालाइट-ए (क्षारांचं सलाईन), 20 टक्के मॅनिटॉल 16.3 मिली, 50 टक्के मॅग्नेशियम सल्फेट 4 मिली (म्हणजे 2 ग्रॅम), 8.4 टक्के सोडाबायकार्ब 13 मिली, पोटॅशियम क्लोराइड (मिलीला 2 मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे विद्युतभारावरचं माप) 13 मिली, 1 टक्का लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) 13 मिली. यात लिटरमागे मॅग्नेशियम साधारण 9 मिलिमोल भरतं, म्हणजे रक्तातल्या पातळीच्या दहापट. याचे चार भाग आणि रुग्णाच्या रक्ताचा एक भाग असं मिसळून, थंड करून, किलोला 20 मिली या हिशोबाने देतात. हृदय थांबवतं ते मुख्यतः पोटॅशियम. मॅग्नेशियम त्या थांबलेल्या हृदयात कॅल्शियम शिरू देत नाही. त्यामुळे "मॅग्नेशियमने हृदय वाचवलं" हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं, कारण थंडावा आणि पोटॅशियम यांचा वाटा त्यात धरलेला नसतो.

आता कॅज्युअल्टी, म्हणजे अटॅक आलेला रुग्ण. इंग्लंडमधल्या लीस्टरच्या लिमिट-2 चाचणीत (1992) 2,316 रुग्ण होते. मॅग्नेशियम शिरेतून 8 मिलिमोल 5 मिनिटांत आणि मग 65 मिलिमोल 24 तासांत दिले, तेव्हा 28 दिवसांतले मृत्यू 10.3 टक्क्यांवरून 7.8 वर आले. सगळे हुरळले. मग 1995 मध्ये आयसिस-4 ही चाचणी आली, 58,050 रुग्णांची, आणि फायदा शून्य; उलट रक्तदाब उतरणं थोडं वाढलं. समर्थक म्हणाले, तुम्ही उशिरा दिलंत, धमनीतली गुठळी विरघळल्यावर दिलंत. आक्षेप रास्त होता. म्हणून मॅजिक चाचणीत (2002) 6,213 जास्त धोक्याच्या रुग्णांना पहिल्या 6 तासांतच दिलं: 2 ग्रॅम 15 मिनिटांत, मग 17 ग्रॅम 24 तासांत. महिन्याभरातले मृत्यू मॅग्नेशियम गटात 15.3 टक्के, मॅग्नेशियम न दिलेल्या गटात 15.2. माझ्या मते "वेळ चुकली" हा बचाव तिथेच संपला. बंद धमनीच्या पलीकडे शिरेतून दिलेलं औषध पोचणारच किती, हा साधा प्रश्न उरतोच.

अटॅकमध्ये ते दिलं जातं ते वेगळ्या कारणांनी: टोर्साद नावाचा ठोक्यांचा बिघाड (1 ते 2 ग्रॅम शिरेतून), किंवा मॅग्नेशियम कमी असल्यामुळे पोटॅशियम कितीही दिलं तरी चढत नसेल तेव्हा.

वॉर्डात घोळ होतो तो एककांचा. 1 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे साधारण 4 मिलिमोल, म्हणजेच 8 मिलिइक्विव्हॅलंट. ऑर्डरमध्ये "8" लिहिलं आणि एकक राहिलं, तर डोस दुप्पट होतो किंवा निम्मा. अँपूल 50 टक्के आहे की 25, हेही वाचून घ्यावं. 50 टक्क्यांचं न मिसळता झटकन दिलं तर अंग भाजल्यासारखं होतं, रक्तदाब कोसळतो, ठोके मंदावतात. कॅल्शियमच्या इंजेक्शनबरोबर एकाच लाइनीतून सोडलं तर साका (न विरघळणारा गाळ) बसतो. पातळी फार चढली की आधी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो ती प्रतिक्रिया जाते, त्यानंतर श्वास. उतारा म्हणजे 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली, सावकाश. प्रसूतीच्या वॉर्डातल्या सिस्टरांना हे तोंडपाठ असतं, कारण गरोदरपणात येणाऱ्या फिट्ससाठी हेच औषध देतात.

आणि गोळ्या. एवढी पातळी गोळीने गाठताच येत नाही; त्याआधी जुलाब लागतात. किडनी बिघडलेली असेल तर त्या स्वतःहून घेऊच नयेत, कारण जास्तीचं मॅग्नेशियम लघवीतूनच जातं. मात्र फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारी गोळी) किंवा वर्षानुवर्षं पँटोप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) चालू असेल, तर पुढच्या रक्ततपासणीत सीरम मॅग्नेशियम जोडून घ्या. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये फक्त सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड येतं, मॅग्नेशियम वेगळं सांगून लिहून घ्यावं लागतं.