डॉक्टर रविवारी जातात कुठे?

प्रश्न : आमचे फॅमिली डॉक्टर अधूनमधून रविवारी ‘सीएमई’ला जातात, दवाखाना बंद. बायको म्हणते, फुकटच्या जेवणासाठी जातात. खरं काय? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : वहिनींचं अगदीच चूक नाही. जेवण असतं, आणि पनीर ठरलेलं! पण सीएमई (कंटिन्यूइंग मेडिकल एज्युकेशन) म्हणजे डिग्रीनंतरही सुरू राहणारं डॉक्टरांचं शिक्षण. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते, त्यासाठी अशा सभांना हजर राहून 30 क्रेडिट पॉइंट जमवायचे. सही करून पळणारे आहेतच. जेवणानंतरच्या भाषणाला मागच्या रांगेत मीही घोरलोय.

पण एक सांगतो. मी कोकणात नवा होतो तेव्हा लाल विंचू चावलेलं पोर आलं, की माझ्या पोटात गोळा यायचा. हातपाय गार, दरदरून घाम. मी आपला स्टिरॉइड टोचायचो. मग अशाच एका सभेत ऐकलं, की महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यावर प्राझोसिन देतात. रक्तदाबाची साधी गोळी! विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो. ही गोळी त्या सैल करते. पुढचं पोर आलं तेव्हा मी ती दिली आणि त्याचा हात धरून बसलो. काही तासांनी बोटांत ऊब आली. आईच्या आधी मला कळलं.

सोमवारी डॉक्टरांना विचारा, “काल काय नवीन ऐकलंत?” खरंच ऐकलं असेल, तर दहा मिनिटं तुम्हाला सोडणार नाहीत.