परवानगी नसताना वेबसाइटमध्ये त्रुटी सापडली, तर काय करावे?

ब्राउझरमधल्या वेब पत्त्यातला (URL) बिल क्रमांक बदलला आणि दुसऱ्याच ग्राहकाचे बिल उघडले, तर तिथेच थांबा. त्रुटी दाखवायला एक नोंद पुरते. स्क्रिप्ट (आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) लावून हजार बिले उतरवलीत, तर चांगल्या हेतूचा बचाव लंगडा पडतो आणि त्या हजार लोकांची माहिती तुमच्याकडूनही फुटू शकते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये विनापरवानगी प्रवेश आणि डेटा उतरवणे दोन्ही येतात. अप्रामाणिक हेतू असेल तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

वेळ, पत्ता, पायऱ्या लिहून ठेवा. स्क्रीनशॉटमधली नावे, नंबर झाका. साइटवर 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' फाइल असेल तर त्रुटी कळवायचा संपर्क त्यात मिळतो. तिथे दाद लागली नाही तर सर्ट-इनला (सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) कळवा. 'पैसे द्या, नाहीतर जाहीर करतो' ही सरळ खंडणी आहे.

दुरुस्ती सर्व्हरवरच हवी: प्रत्येक विनंतीला, मागितलेले बिल लॉगिन केलेल्याच ग्राहकाचे आहे का, हे तपासायचे. नुसता क्रमांक लांबलचक करून भागत नाही, लिंक फॉरवर्ड झाली की बिल पुन्हा उघडेच.