काटा पाहून हुरळू नकोस

कडक डाएटच्या पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले म्हणतोस, पण त्यात बरंचसं पाणी असतं रे. ग्लायकोजेन म्हणजे शरीरात साठवलेली साखर; तिच्या १ ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी जातं. पुढे शरीर काटकसर करायला लागतं, नकळत हालचालही कमी होते. मी असंच डाएट केलं तेव्हा पुण्याच्या भर एप्रिलात शाल घेऊन बसायचो, पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवरच पाय जड व्हायचे. तिसऱ्या महिन्यात उशीवर केस दिसू लागले.

सध्या एवढंच सांभाळ:
- दिवसाला ८०० कॅलरींच्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जायचं नाही. पित्ताशयात खडे होऊ शकतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नाही.
- आठवड्यातून दोनदा वजनं उचल. नुसत्या प्रथिनांवर स्नायू टिकत नाहीत.

वजन अडलं की ताटातलं आणखी कमी करणं, ही नव्यांची नेहमीची चूक. तू तसं करू नकोस. चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.