वाचकांचे प्रश्न : शार्लट्सव्हिलचा पुतळा

प्रश्न : अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल येथे ऑगस्ट २०१७ मध्ये जनरल रॉबर्ट ली (अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांचे सेनापती) यांचा पुतळा हटवू नये म्हणून गोरे वंशवादी सभेसाठी जमले आणि हिंसाचारात एका तरुणीचा बळी गेला. आमच्या वाचनालयात यावर वाद झाला. सभेला न्यायालयानेच मुभा दिली, तेव्हा दोषही न्यायालयाचाच, असे काहींचे म्हणणे पडले. ते योग्य आहे का? आणि गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकेर्कचा पुतळा आपण जुने गोवे येथील संग्रहालयात ठेवला, तसा लींचा का ठेवला नाही?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : न्यायालयापुढचा मुद्दा मर्यादित होता. सभेचा परवाना आधीच मिळालेला असताना शहराने ऐन आठवड्यावर ती दुसऱ्या उद्यानात हलवायचे ठरवले. विरोधकांच्या परवान्यांना मात्र हात लावला नाही. वक्त्यांच्या मतांकडे पाहून जागा बदलली जात आहे, असे न्यायाधीशांना दिसले आणि ११ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांनी तो बदल रोखला. आमच्या मते हा निर्णय कायद्याला धरूनच होता. त्याच रात्री, बागेत लावतात तसल्या बांबूच्या मशाली घेऊन ज्यूविरोधी घोषणा देत जमाव व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात शिरला, तेव्हा दुसऱ्या दिवशी काय वाढून ठेवले आहे हे कळायला कोणाच्या अहवालाची गरज नव्हती.

अहवाल आला तो डिसेंबरमध्ये, शहरानेच नेमलेल्या वकिलाचा, आणि त्याचा रोख पोलिसांवर आहे. दोन्ही बाजूंना वेगळे ठेवण्याची योजना नव्हती. डोळ्यांदेखत मारामाऱ्या चालू असताना पोलीस अडथळ्यांमागे उभे राहिले. आणि जमाव बेकायदा ठरवल्यावर वंशवाद्यांना उद्यानातून हुसकावले ते थेट विरोधकांच्या अंगावर. शहराच्या मध्यभागी फोर्थ स्ट्रीटच्या तोंडावर एकच पोलीस कर्मचारी होती, एरवी शाळेत नेमणूक असलेली. चिडलेली टोळकी पाहून तिने जिवाची भीती कळवली, तिला तेथून हलवण्यात आले, आणि रस्ता अडवायला मागे एक लाकडी बॅरिकेड तेवढे उरले. दुपारी त्याच रस्त्यावर एका वंशवाद्याने गर्दीत मोटार घातली. ३२ वर्षांची तरुणी ठार झाली, अनेक जण जखमी झाले. (बंदोबस्तातील हेलिकॉप्टर कोसळून दोन पोलीसही त्या दिवशी गेले.) चालकाला जन्मठेप झाली. राज्याच्या कायद्याखाली आयोजकच कटाला जबाबदार आहेत, असे २०२१ मध्ये एका दिवाणी दाव्यात ज्यूरीने ठरवले, त्यामुळे आपल्या मित्रांनी दोषाचा मोठा वाटा तिकडे टाकावा, आणि उरलेला बंदोबस्ताकडे.

आता पुतळा. ली १८७० मध्ये वारले, पुतळा उभा राहिला १९२४ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी व्हर्जिनियाने गोऱ्यांना इतर वंशीयांशी विवाह करण्यास बंदी घालणारा कायदा केला, त्याच वर्षी. त्यामुळे त्याला निव्वळ युद्धस्मारक म्हणणे आम्हाला पटत नाही. नगरमंडळाने फेब्रुवारी २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी तो हटवायचे ठरवले होते, पण युद्धस्मारकांना संरक्षण देणारा राज्याचा जुना कायदा आडवा आला. विधिमंडळाने २०२० मध्ये तो बदलला, पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला, आणि १० जुलै २०२१ रोजी पुतळा ट्रकवर चढला.

आल्बुकेर्कची तुलना स्वाभाविक असली तरी अर्धीच लागू पडते. त्याचा पुतळा, तसाच पोर्तुगीज कवी कामोंइशचाही, संग्रहालयात गेला तो ज्यांनी उभारला त्यांची सत्ता १९६१ मध्ये संपल्यानंतर. त्याच्यासाठी मशाली घेऊन येणारे येथे कोणी उरले नव्हते. शार्लट्सव्हिलमध्ये ते होते. पुतळा अखंड राहिला असता तर जेथे ठेवला तेथे पुन्हा जत्रा भरली असती, ही भीती आम्हाला रास्त वाटते. शहराने तो कृष्णवर्णीयांच्या वारसा केंद्राला दिला. केंद्राची योजना तो वितळवून त्या कांस्यातून नवे सार्वजनिक शिल्प घडवण्याची होती. पुतळा आपल्याला मिळावा अशी इच्छा असलेल्या दोन संस्था न्यायालयात गेल्या, दावा टिकला नाही, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तुकडे करून पुतळा भट्टीत घातला गेला. जुने गोवे येथे हाच मार्ग घ्यायला हवा होता, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.