लेक तत्त्वज्ञान घेते म्हणते, घेऊ द्यावं का?

प्रश्न : सर, मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली. ८४ टक्के आहेत, सगळ्यात जास्त मार्क तर्कशास्त्रात. आता बी.ए.ला तत्त्वज्ञानच घेणार म्हणून हटून बसली आहे. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने हाच विषय घेतला होता, तो आज घरी बसून आहे. यावर पोट भरेल का? – एक पालक, कराड

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, म्हणून आधी रोखठोक सांगतो. नुसत्या बी.ए. तत्त्वज्ञानावर नोकरी दारात चालून येत नाही. इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतलं तरी येत नाही. पदवीला पुढे कशाची तरी जोड द्यावीच लागते. तेव्हा या तीन-चार वर्षांत लेकीच्या हाती काय लागेल, ते बघू.

तुमच्याच पत्रातलं वाक्य घेतो : गल्लीतल्या मुलाने तत्त्वज्ञान घेतलं आणि तो घरी बसला. न्यायदर्शन, म्हणजे आपल्याकडचं जुनं तर्कशास्त्र, शिकताना तुमची लेक धूर आणि अग्नीचं जुनं उदाहरण शिकेल. धूर दिसला तर तिथे आग आहे, हे अनुमान बरोबर. पण आग आहे म्हणजे धूर असणारच, हे चूक. लोखंडाचा तापून लालबुंद झालेला गोळा बघा, त्यात आग आहे, धूर नाही. धूर होतो तो ओल्या लाकडामुळे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, या ओल्या लाकडाला ‘उपाधी’ म्हणजे दडलेली अट म्हणतात, आणि ती हुडकून काढायची सवय हा विषय लावतो. मग त्या मुलाच्या बाबतीत ओलं लाकूड कोणतं? विषय, की पदवीनंतर पुढे काहीच न करणं? मला माहीत नाही. पण विचारल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तेही लेचंपेचं करून नाही, पुऱ्या ताकदीने. खंडन त्यानंतर. माझी एक जुनी विद्यार्थिनी तत्त्वज्ञानात बी.ए. करून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला गेली, आज वकिली करते. नवीन केस आली की ती कोऱ्या कागदावर आधी विरुद्ध बाजूचा युक्तिवाद लिहून काढते, स्वतःच त्यांची वकील असल्यासारखा. आपली बाजू मग. ही सवय तिला एलएल.बी.च्या आधी, पूर्वपक्ष लिहिता लिहिता लागली.

शिवाय वाचनाची बैठक बसते. जर्मन तत्त्वज्ञ कांटचा एक परिच्छेद उलगडायला कधी कधी आख्खा तास जातो. असं वाचलेल्या माणसाला करारनामा किंवा शासन निर्णय वाचताना धाप लागत नाही.

वाटा म्हणाल तर कायदा, पत्रकारिता, एम.ए. करून नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आणि अध्यापन. औषधांच्या चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या नैतिकता समित्यांतही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला जागा आहे, पण ती पोटापाण्याची नोकरी नव्हे. यूपीएससीत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर सगळ्यांनाच आहे, आणि वैकल्पिक विषय म्हणून तत्त्वज्ञान घेतलं तर मिळून ५०० गुणांचे दोन पेपर. मात्र केवळ ‘सिलॅबस छोटा आहे’ म्हणून हा विषय घेणारी मुलं मी अडकताना पाहिली आहेत.

कॉलेज मात्र पारखून घ्या. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती, मुलांकडून निबंध लिहून घेतात का, की गाइडवरच भागवतात, हे स्वतः जाऊन विचारा. गाइडवर पाठ केलेलं तत्त्वज्ञान काही कामाचं नाही, तिथे तुमचीच भीती खरी ठरेल. इंग्रजी वाचनही तिने आजपासून वाढवायला हवं.

आता घरी एक करा. लेकीला सांगा, ‘बाबांचा विरोध का आहे’ ते एका पानात तुमच्या बाजूने लिही. ते वाचून तुमच्या तोंडून ‘मला अगदी हेच म्हणायचं होतं’ असं निघालं, तर फॉर्म भरा. आणि गल्लीतल्या त्या मुलाला एकदा घरी चहाला बोलवा. लेकीलाही सोबत बसवा.