गाडीचं खरं दुखणं

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसगाडी स्पर्धेसाठी तुमच्या गाडीचं सस्पेन्शन तुझ्याकडे आहे, आणि तुला नॅस्कारमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींमध्ये, क्रू चीफ, म्हणजे गाडीची जुळवणी ठरवणारा संघप्रमुख, व्हायचंय. तू सगळ्यात आधी पदवीचं विचारलंस. ते पटकन सांगतो. बहुतेक मोठे संघ नॉर्थ कॅरोलायनात शार्लटच्या आसपास, मूर्सव्हिल, कॉन्कर्ड, हंटर्सव्हिल या गावांत आहेत, आणि शार्लटच्या विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकवतात. जमलं तर तिथे ये. व्हिसाची किचकट बाब आहे, तिची चौकशी आजपासूनच सुरू कर.

पण पदवीवर सगळं सोडू नकोस. नॅस्कारचा नावाजलेला क्रू चीफ चॅड नॉस हा इलिनॉयमधल्या रॉकफर्डचा मुलगा. वडिलांच्या रेसिंगमध्ये हात काळे करत वाढला. 1993 मध्ये हेंड्रिक या संघाच्या शॉपमध्ये आला, क्रू चीफ रे एव्हर्नहॅमच्या हाताखाली ड्रायव्हर जेफ गॉर्डनच्या गाडीची चाकं बदलली. पुढे क्रू चीफ म्हणून ड्रायव्हर जिमी जॉन्सनबरोबर सात विजेतेपदं मिळवली, त्यातली 2006 ते 2010 ही सलग पाच. 2006 च्या डेटोना 500 या नॅस्कारच्या सगळ्यात मानाच्या शर्यतीला नॉसवर बंदी होती, तेव्हा संघातला इंजिनिअर डेरियन ग्रब त्याच्या जागी उभा राहिला आणि जॉन्सन ती शर्यत जिंकला. ग्रब व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात शिकलेला. म्हणजे वाटा दोन आहेत, एक शॉपमधून, दुसरी पदवीतून. आज दुसरी जास्त रुळलेली आहे, पण पहिलीवरून चाललेला माणूस मला नेहमीच जास्त भरवशाचा वाटत आलाय.

आता जे सांगायला बसलो ते.

मी इथल्याच हिकरी गावच्या छोट्या ट्रॅकवर शनिवारी लेट मॉडेल, म्हणजे स्थानिक शर्यतींच्या स्टॉक कार, गाडीवर फुकट काम करायचो. एका संध्याकाळी आमचा ड्रायव्हर रेडिओवर ओरडला, गाडी वळणातून बाहेर पडताना लूज आहे. म्हणजे मागची चाकं घसरतायत. मी वेज वाढवायला सांगितलं, म्हणजे उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक यांच्यावर जास्त वजन. लूज गाडीला हाच उपाय. गाडी आणखी बिघडली, दहा फेऱ्यांत आम्ही मागे पडलो.

नंतर ट्रेलरपाशी त्याला नीट विचारलं, वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग किती फिरवतोस? म्हणाला, खूप, वळतच नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गाडी मध्यावर टाइट होती, म्हणजे पुढची चाकं घसरत होती. वळत नाही म्हणून तो स्टिअरिंग जास्त फिरवत होता, आणि पुढच्या चाकांनी एकदम पकड घेतली की मागचा भाग निसटत होता. त्याला जाणवलेलं लूजपण खरं होतं, पण दुखणं आधीच्या टप्प्यावर होतं. मी वेज वाढवून गाडी आणखी टाइट केली होती. ती शर्यत माझ्यामुळे गेली, आणि ते मला अजून बोचतं.

क्रू चीफचं काम तिथे आहे. 2022 पासून कप मालिकेत, म्हणजे नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत, नवी गाडी आहे. तिचे बहुतेक भाग सगळ्या संघांना ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात आणि त्यांना परस्पर हात लावायची सोय नाही. 2023 मध्ये एकाच संघाच्या चारही क्रू चीफना अशाच कारणावरून चार शर्यतींची बंदी आणि प्रत्येकी 1 लाख डॉलर दंड झाला. गाड्या इतक्या सारख्या असताना, ड्रायव्हरच्या दोन शब्दांमागचं दुखणं ओळखून पुढच्या पिट स्टॉपला नेमकं काय बदलायचं हे ठरवणं, यावर पुष्कळ काही ठरतं. चाकं बदलून पेट्रोल भरायला साधारण दहा-अकरा सेकंद लागतात. त्यांच्या आधीच तुझा निर्णय झालेला हवा. निर्णय चुकला तर ड्रायव्हरला दोष देता येत नाही, कारण पुढच्या रविवारी त्याने तुझ्याशी मोकळेपणाने बोलायला हवं. फेब्रुवारी ते नोव्हेंबर, 36 शर्यती.

म्हणून आत्ताच एक कर. तुमच्या चाचणीत ड्रायव्हर काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिही. त्याखाली वळणाचे तीन भाग पाड: शिरताना, मध्यावर, बाहेर पडताना. प्रत्येक ठिकाणी ब्रेक, स्टिअरिंग, थ्रॉटल काय होतं ते विचारून नोंदव. मगच पाना हातात घे. गाडीतल्या नोंदी टिपणाऱ्या डेटा लॉगरचा आलेख त्यानंतर उघड, आधी नाही.

पहिली दहा पानं भरली की फोटो काढून पाठव. मी वाचून रविवारी फोन करतो.

तुझा,
शार्लटचा काका